अलास्का क्रूझ: केबिन डावीकडे घ्यावी की उजवीकडे?

पायपीट, २ फेब्रुवारी

मंडळी, मदत हवीये आणि जरा घाईत हवीये, कारण एजंटने दोन केबिन शुक्रवारपर्यंतच धरून ठेवल्यात. जूनमधे अलास्काला निघालोय. व्हँकुव्हरहून चढायचं, केचिकन, जुनो, स्कॅगवे, मग ग्लेशियर बे, मग हबर्ड ग्लेशियर आणि व्हिटियरला उतरायचं. ७ रात्री, एकाच दिशेने, परत येणं विमानाने. मी, नवरा, ९ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७२, गुडघे दुखरे, आणि बस लागते, बोट लागते, एकदा तर झोपाळासुद्धा लागला होता).

पर्याय असे आहेत. एक, ५ नंबरच्या डेकवर डावीकडे बाल्कनी, 'अंशतः अडलेलं दृश्य' असं लिहिलंय म्हणून स्वस्त. दोन, ११ नंबरच्या डेकवर अगदी मागे बाल्कनी, एजंट म्हणतो मॅडम व्ह्यू असा आहे की बघतच राहाल. तीन, अमुक प्रकारची केबिन नक्की पण नंबर जहाजवाले देतील तो, त्याला गॅरंटी म्हणतात म्हणे, ती सगळ्यात स्वस्त.

इथे जुने धागे चाळले तर निम्मे लोक म्हणतात उजवीकडेच घ्या, निम्मे म्हणतात काही फरक पडत नाही. नक्की काय? आणि डावं-उजवं कुठल्या बाजूला तोंड करून मोजायचं हेही सांगा, हसू नका.

डोलकाठी, २ फेब्रुवारी

हसत नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडतो, विचारत कुणी नाही. जहाजाच्या नाकाकडे, म्हणजे पुढे, तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला पोर्ट, उजव्या हाताला स्टारबोर्ड. पूर्वी सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असायचं म्हणून ती स्टीअर करायची बाजू, तिचं झालं स्टारबोर्ड, आणि वल्हं मोडू नये म्हणून धक्क्याला डावी बाजू लावायचे, ती पोर्ट. जहाज मागे वळलं, गिरकी घेतली, काहीही केलं तरी पोर्ट ते पोर्टच. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा.

तुमचं जहाज दक्षिणेकडून उत्तरेला चाललंय आणि खंडाचा किनारा पूर्वेला आहे. म्हणजे जमीन उजवीकडे. उलटा प्रवास असता, व्हिटियर ते व्हँकुव्हर, तर डावीकडे. मी एकदा वर गेलोय, एकदा खाली आलोय आणि एकदा जाऊन-येऊन केलंय. एकतर्फी उत्तरेला जाणाऱ्याने डोळे मिटून उजवी घ्यावी.

केबिनच्या नंबरवरून बाजू ओळखायला जाऊ नका. सम नंबर कुठे आणि विषम कुठे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. डेक प्लॅन उघडा, टोकदार भाग कुठे आहे ते बघा, मग ठरवा.

चकवा, २ फेब्रुवारी

झालं, पुन्हा तेच दळण.

अहो इनसाइड पॅसेज म्हणजे काय, बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधली वाट! व्हँकुव्हर सोडलं की डावीकडे व्हँकुव्हर बेट, उजवीकडे मुख्य भूमी, दोन्हीकडे डोंगर, दोन्हीकडे झाडी. स्कॅगवेला जाताना लिन कॅनॉल नावाच्या लांब खाडीतून जाता तसेच परत येता. ग्लेशियर बेमधे तर आत जायचा आणि बाहेर यायचा रस्ता एकच, आणि मार्जरी ग्लेशियरसमोर कप्तान जहाज सावकाश फिरवतो, अगदी दोन्ही बाजूंना सारखं वाटून. आम्ही उत्तरेला जाताना डावीकडे होतो. काहीही बिघडलं नाही. उजवीच्या नावाखाली पैसे जास्त लावत असतील तर अजिबात देऊ नका.

डोलकाठी, ३ फेब्रुवारी

चकवा, तुमचं इनसाइड पॅसेजपुरतं शंभर टक्के बरोबर. पण त्यांचं जहाज ग्लेशियर बेमधून संध्याकाळी बाहेर पडणार आणि मग उघड्या समुद्रातून हबर्डकडे निघणार, तिथे डावीकडे काय आहे? पाणी. आणि उजवीकडे फेअरवेदर पर्वतरांग. माउंट फेअरवेदर ४,६७१ मीटर आणि तो समुद्राला जवळजवळ चिकटून उभा आहे, मधे पठार नाही टेकड्या नाहीत, पाण्यातून थेट वर. जूनमधे तिकडे दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे संध्याकाळभर उजेड. आभाळ मोकळं असेल तर ते दोनतीन तास सगळ्या प्रवासाचा कळस आहेत आणि त्या वेळी ग्लेशियर बेमधे दिवसभर डेकवर उभं राहून माणसं इतकी दमलेली असतात की कुणी वर जात नाही. त्याच वेळी आपली बाल्कनी हवी, आणि ती उजवी हवी.

आभाळ मोकळं नसेल तर राखाडी पाणी आणि राखाडी ढग, मग तुमची डावी आणि माझी उजवी सारखीच.

चकवा, ३ फेब्रुवारी

हां, फेअरवेदर. आम्हाला दिसलाच नाही, धुकं होतं असं मी इतके दिवस समजत होतो. आत्ता बायको सांगतेय की धुकं वगैरे काही नव्हतं, लोक दुसऱ्या बाजूला फोटो काढत होते. मागे घेतो. अर्धंच घेतो.

खारा वारा, ३ फेब्रुवारी

तुमची डावी-उजवी चालू द्या, पण ७२ वर्षांच्या, झोपाळा लागणाऱ्या बाईंना ११ व्या डेकवर अगदी मागे झोपवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं? त्या एजंटला तिथे एक रात्र ठेवा.

बागेतली ती फळी आठवा, दोन टोकांना दोन मुलं बसून वरखाली करतात ती. जहाज लाटेवर तसंच हलतं. टोकावरचा माणूस दोन मीटर वर जातो, मधे बसलेल्याला पत्ताही लागत नाही. हे झालं पुढे-मागे. बाजूला हलणं वेगळं, तिथे उंचीने फरक पडतो, जितके वर तितका झोका मोठा. मोठ्या जहाजांना पोटाखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते बाजूचं डोलणं पुष्कळ कमी करतात, पण नाक वरखाली होणं त्यांना थांबवता येत नाही. म्हणून ज्यांना लागतं त्यांच्यासाठी जागा एकच: मधोमध आणि जमेल तितकं खाली. बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्या मार्गावर जास्त भाग बेटांच्या आडोशाला आहे, तिथे जहाज चाललंय हेही कळत नाही. उघडं पाणी दोनदा. व्हँकुव्हर बेट संपल्यावर क्वीन शार्लट साउंडमधे काही तास, आणि शेवटी ग्लेशियर बे ते व्हिटियर, तो अलास्काचा आखात, तिथे शेवटच्या दोन रात्री. जूनमधे बहुतेक शांत असतो. बहुतेक.

आता माझं दुःख ऐका. पहिल्या क्रूझला मी सगळ्यात वरचा केबिन-डेक घेतला होता, उंचावरून छान दिसेल म्हणून. वर काय आहे ते बघितलंच नाही. वर होता पोहण्याच्या तलावाचा डेक. रोज पहाटे पाचला कर्मचारी आरामखुर्च्या नीट लावायचे, लोखंडी पाय लाकडी फळ्यांवर, क्रर्र-क्रर्र-ठक. एक खुर्ची झाली की चार सेकंद शांतता, मग दुसरी. ती चार सेकंदं जास्त वाईट, कारण पुढची कधी येणार याची वाट बघत जागा राहतो माणूस. तिसऱ्या दिवशी मी मोजल्या, ६४ होत्या. तक्रार केली तर म्हणाले, सर जहाज पूर्ण भरलंय.

तेव्हापासून माझा नियम: डोक्यावर केबिन, पायाखाली केबिन. डेक प्लॅनमधे तीन मजल्यांचे नकाशे एकाखाली एक लावून बघा. खाली थिएटर किंवा नाचाचा क्लब असेल तर रात्री एकपर्यंत धप धप. आणि नकाशात जे पांढरे रिकामे चौकोन दिसतात ना, ती रिकामी जागा नसते, तिथे कर्मचाऱ्यांची पँट्री, यंत्रं, ढकलगाड्या, काहीही असू शकतं.

मीनल_उवाच, ३ फेब्रुवारी

खारा वारा, ६४ मोजल्या 😂😂

पायपीट, गुडघ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ही जहाजं तीनतीनशे मीटर लांब असतात. अगदी मागच्या केबिनमधून पुढच्या थिएटरला जायचं म्हणजे एक चक्कर पूर्ण, आणि चष्मा विसरला की दुसरी. माझ्या आईला दुसऱ्या दिवशीच कंटाळा आला होता, "तुम्ही जा, मी इथेच बसते." लिफ्टजवळची केबिन बघा, पण लिफ्टच्या दाराला लागून नको, तिथे रात्री गप्पांचे फड जमतात. पाचसहा दारं सोडून पुढची बरोबर.

आणि शेजारच्या केबिनला जोडणारं मधलं दार असलेली घेऊ नका, दोन्ही केबिन तुमच्याच असतील तर गोष्ट वेगळी. ते दार बंद असलं तरी पलीकडची भांडणं स्पष्ट ऐकू येतात. (आम्हाला एका जोडप्याचं भांडण आठवडाभर कळत होतं, शेवटच्या दिवशी मिटलं तेव्हा आम्हीच सुटलो.)

पायपीट, ३ फेब्रुवारी

वा, एका दिवसात इतकं! मागचं टोक बाद. नवरा म्हणतोय मग ५ व्या डेकवरची 'अंशतः अडलेली' घेऊ, खालीही आहे आणि मधेही आहे. अडलेलं म्हणजे नक्की किती अडलेलं?

शिडाची बोट, ४ फेब्रुवारी

अडवते ती लाइफबोट. या बोटी जहाजाच्या दोन्ही अंगांना ओळीने टांगलेल्या असतात, आणि त्यांच्या समोरच्या किंवा लगेच वरच्या केबिन 'अडलेल्या' म्हणून विकतात. आता त्यात दोन प्रकार. केबिन बोटीच्या वरच्या मजल्यावर असेल तर खाली वाकल्यावर बोटीचं नारिंगी टप्पर दिसतं, समोर मात्र क्षितिज मोकळं. डोंगर बघायला काही अडचण नाही, फक्त सरळ खाली पाणी दिसत नाही. हा सौदा मी केव्हाही घेईन. पण केबिन बोटीच्याच उंचीवर असेल तर बाल्कनीचा पडदा सरकवला की समोर फायबरची भिंत. 'अंशतः' या शब्दावर विश्वास ठेवू नका, जहाजाचं नाव आणि केबिन नंबर टाकून प्रवाशांनी काढलेले फोटो शोधा, बहुतेक सगळ्या मोठ्या जहाजांचे सापडतात.

आणखी एक, ५ वा डेक तुमच्या जहाजावर चालायच्या मोकळ्या डेकच्या वर आहे की त्याच पातळीवर? त्याच पातळीवर असेल तर खिडकीसमोरून लोक सकाळी फेऱ्या मारतात.

नवशिक्या, ४ फेब्रुवारी

धागा हायजॅक करत नाहीये पण आमचं सिएटल ते सिएटल आहे, जाऊन-येऊन. मग आम्ही कुठली बाजू घ्यायची?

डोलकाठी, ४ फेब्रुवारी

जाऊन-येऊन असेल तर बाजूचा विचार सोडा, जाताना जे डावीकडे ते येताना उजवीकडे. उजेडावर ठरवा हवं तर.

तुमच्यासाठी बाजूपेक्षा मोठी गोष्ट ही की सिएटलहून निघणारी बरीचशी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, म्हणजे पॅसिफिकच्या अंगाने जातात. तिथे आडोसा नाही. ज्यांना लागतं त्यांनी खारा वारा यांचा मधोमध-आणि-खाली मंत्र जपावा. व्हँकुव्हरहून निघणारी आतून जातात, सिमूर नॅरोजमधून. ती सामुद्रधुनी इतकी अरुंद आहे की भरती-ओहोटीला पाणी १५ नॉटपर्यंत (ताशी जवळजवळ २८ किलोमीटर) धावतं, म्हणून जहाजं पाणी थांबायची वेळ साधून पार होतात. तिथे मधोमध रिपल रॉक नावाचा खडक होता, त्याने शंभराहून जास्त माणसं आणि कितीतरी बोटी खाल्ल्या, शेवटी ५ एप्रिल १९५८ ला खालून बोगदा खणून सुरुंगाने उडवला. पायपीट, तुम्ही पहिल्याच रात्री तिथून जाल, झोपू नका.

आणि नवशिक्या, तुमच्या प्रवासात शेवटी संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबा असेल बघा. लोक विचारतात एवढ्याशा वेळासाठी कशाला थांबवतात. अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतून निघून अमेरिकेतच प्रवासी उतरवायचे तर मधे परदेशी बंदर लागायलाच हवं. ही सगळी मोठी जहाजं परदेशी झेंड्याची.

नवशिक्या, ४ फेब्रुवारी

अरे वा, म्हणजे व्हिक्टोरिया ही कायद्याची सही आहे! धन्यवाद डोलकाठी. आमच्यात ट्रेसी आर्म लिहिलं होतं, आता मेल आलीये की एंडिकॉट आर्मला नेणार, फसवतायत का?

शिडाची बोट, ४ फेब्रुवारी

नाही. ऑगस्ट २०२५ मधे ट्रेसी आर्ममधे डोंगराचा कडा पाण्यात कोसळला आणि आत मोठी त्सुनामी उसळली. त्यानंतर कंपन्यांनी शेजारच्या एंडिकॉट आर्मचा रस्ता धरलाय, तिथे शेवटी डॉज ग्लेशियर आहे. दोन्ही अरुंद खाड्या, आत जायचं आणि त्याच वाटेने बाहेर. बाजूची चिंता नको.

एकला जीव, ४ फेब्रुवारी

मी दरवेळी आतली, बिनखिडकीची केबिन घेतो आणि दरवेळी लोक कीव करतात. पण विचार करा, ग्लेशियरच्या दिवशी बाल्कनीत उभं राहून तुम्हाला किती दिसतं? समोरचा एक तुकडा, दोन्हीकडे पार्टिशन, वरच्या बाल्कनीचं छत. मी वरच्या मोकळ्या डेकवर असतो, ३६० अंश, डावीकडे काही फुटलं की डावीकडे, उजवीकडे देवमासा की उजवीकडे. काही जहाजांवर त्या दिवशी एरवी बंद असलेला नाकाजवळचा डेक पण उघडतात, तिथे सकाळी लवकर जाऊन रेलिंग पकडायचं. वाचलेल्या पैशात मी जुनोला छोट्या बोटीतून देवमासे बघायला गेलो.

तोटा एकच. आतल्या केबिनमधे दिवस आहे की रात्र काही कळत नाही, मी एकदा दुपारी चार वाजता दात घासून डेकवर गेलो होतो.

मीनल_उवाच, ४ फेब्रुवारी

एकला जीव, तुम्ही एकले आहात म्हणून. थंडीत, बोचऱ्या वाऱ्यात सासूबाई चार तास रेलिंग धरून उभ्या राहणार आहेत का? त्यांना बाल्कनीत खुर्ची, अंगावर ब्लँकेट, आणि गार वाटलं की दोन पावलांवर पलंग. बाल्कनी त्यांच्यासाठीच घ्यायची.

एकला जीव, ४ फेब्रुवारी

हे मान्य. मग असं करा ना, एक बाल्कनी आणि बरोबर समोर, कॉरिडॉरच्या पलीकडे, एक आतली केबिन. दोन बाल्कन्यांपेक्षा खूप स्वस्त पडतं आणि बाल्कनी सगळ्यांचीच. आजी-नातू बाल्कनीत, तुम्ही दोघं अंधारकोठडीत.

पायपीट, ४ फेब्रुवारी

एकला जीव, नवऱ्याने हे वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "हा मुलगा कोण आहे, शहाणा दिसतो."

गच्ची, ५ फेब्रुवारी

उशिरा आलो पण गॅरंटीवाल्या पर्यायाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ती एकट्याने किंवा काहीही चालणाऱ्या माणसाने घ्यावी. तुम्ही फक्त प्रकार निवडता, नंबर ते देतात, कधी नशिबाने वरचा वर्ग मिळतो, कधी नांगराच्या साखळीच्या डोक्यावर. आणि मिळालेली आवडली नाही तर बदलून देत नाहीत. दोन केबिन घेतल्या तर एक ४ थ्या डेकवर पुढे आणि दुसरी १० व्या वर मागे, असंही होतं. नऊ वर्षांचं मूल आणि आजी बरोबर असताना हा जुगार नको.

पुढच्या टोकाच्या केबिन पण टाळा असं सांगेन. समोरचं दृश्य जबरदस्त असतं, कप्तानाला दिसतं तेच, पण वारा इतका की बाल्कनीचं दार उघडताना खांदा लावावा लागतो, आणि रात्री पडदे लावून ठेवा अशी सूचना असते कारण आपल्या दिव्याचा उजेड वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, नाविकांच्या डोळ्यांवर येतो. शिवाय बंदरात लागताना सकाळी सहाला पुढचे थ्रस्टर (जहाज बाजूला सरकवणारे पंखे) सुरू झाले की पलंगासकट थरथरतो माणूस.

किनारा, ५ फेब्रुवारी

थोडं अवांतर. नदीच्या क्रूझला हे सगळं गणित उलटं होतं. ऱ्हाइनवर गेलो होतो, बिंगेन ते कोब्लेन्झचा ६५ किलोमीटरचा पट्टा, दोन्ही तीरांवर किल्ले, हलण्याचा प्रश्न नाही, बाजूचा प्रश्न नाही. प्रश्न हा की रात्री धक्क्याला जागा कमी म्हणून बोटी एकमेकींना चिकटून उभ्या करतात. आम्ही पैसे मोजून घेतलेल्या मोठ्या खिडकीसमोर दुसऱ्या बोटीची मोठी खिडकी, आणि आत एक आजोबा मोजे घालत होते. दोघांनीही एकदम पडदा ओढला.

डोलकाठी, ५ फेब्रुवारी

आजोबांचाही कुठे धागा असेल 😄

पायपीट, शुक्रवार उद्या आहे. काय ठरलं?

पायपीट, ६ फेब्रुवारी

ठरलं!! एजंटचे तिन्ही पर्याय नाकारले. तो जरा रुसला, मग डेक प्लॅनचे कागद मी टेबलावर एकाखाली एक लावले तेव्हा म्हणाला, मॅडम तुम्ही आधी कुठे काम करत होता? ८ वा डेक, उजवी बाजू, मधोमध, लिफ्टपासून सात दारं. वर ९ व्यावर केबिन, खाली ७ व्यावर केबिन. बाल्कनी एक, समोर आतली एक. ६ व्यावर एक मिळत होती, त्यापेक्षा खाली, पण तिच्याखाली थिएटर होतं. खारा वारा, तुमच्या ६४ खुर्च्या आठवल्या आणि सोडली.

खारा वारा, ६ फेब्रुवारी

माझं दुःख कुणाच्या तरी कामी आलं.

एक गोष्ट राहिली. उजवी बाजू उत्तरेला जाताना पूर्वेकडे असते, आणि जूनमधे तिकडे पहाटे चारला सूर्य वर. जहाजाचे पडदे जाड असतात पण मधोमध फट राहते आणि ती फट बरोबर उशीवर येते. कपड्यांचे चिमटे न्या.

शिडाची बोट, ६ फेब्रुवारी

आणि लोहचुंबकाचे हूक. केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, कुठेही चिकटतात. ओल्या टोप्या, जाकिटं सगळं भिंतीवर. पायपीट, आल्यावर वृत्तांत टाका, नाहीतर लोक विचारून गायब होतात.

पायपीट, २९ जून

गायब नाही झाले! परवाच आलो, अजून पहाटे चारलाच जाग येतेय.

सिमूर नॅरोज बघितलं. रात्री दहा वाजून गेले होते तरी आभाळाला उजेड होता, पाणी अगदी गुळगुळीत, आणि किनारा इतका जवळ की झाडं वेगवेगळी ओळखू येत होती. नवरा म्हणाला खडक कुठे होता, मी म्हटलं आपल्या खालीच.

ग्लेशियर बेच्या दिवशी सकाळी छोट्या बोटीतून पार्कचे रेंजर आले, चालत्या जहाजाला शिडी लावून चढले, मुलाला तेवढंच बघून पैसे वसूल. त्यांनी सांगितलं की दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात, आणि अडीचशे वर्षांपूर्वी ही अख्खी खाडी बर्फाने भरलेली होती, आपण जिथून जातोय तिथे वर शेकडो मीटर बर्फ होता. मार्जरीसमोर जहाज तासभर थांबलं आणि खरंच गोल फिरलं. चकवा, तुम्ही बरोबर होतात. मी आणि नवरा आधी वर मोकळ्या डेकवर गेलो, गर्दी, वारा, समोर लोकांचे फोन. वीस मिनिटांत खाली बाल्कनीत आलो तर सासूबाई ब्लँकेट गुंडाळून, पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या, एकट्या, शांत. आणि तिथे जे ऐकू आलं ते वर ऐकूच येत नव्हतं. पाण्यात तरंगणारे बर्फाचे बारके तुकडे सारखे तडतडत होते, कढईत काही फुटावं तसे. रेंजरबाई स्पीकरवर म्हणाल्या, शतकांपूर्वी दाबून बसलेली हवा बाहेर पडतेय. मग एकदा भिंतीचा एक पापुद्रा, मला वाटलं छोटासा, न आवाज करता सुटला, पाण्याचा फवारा उठला, आणि मग, म्हणजे दिसून झाल्यावर, तो आवाज आला. सासूबाईंनी खुर्चीचा हात धरला. नंतर कळलं की तो पापुद्रा चारपाच मजली इमारतीएवढा होता.

संध्याकाळी फेअरवेदर दिसला. पूर्ण. डोलकाठी, तुम्हाला दंडवत. साडेनऊला त्याचं टोक गुलाबी झालं तेव्हा आमच्या ओळीतल्या सगळ्या बाल्कन्यांमधे माणसं उभी होती आणि कुणीही बोलत नव्हतं. फोटो नीट आले नाहीत, हात हलत होता.

हबर्डला मात्र बर्फ फार होता, कप्तान लांबच थांबला. दहा किलोमीटर रुंद भिंत ती, लांबूनही डोळ्यांत मावत नव्हती, पण आवाज काही आला नाही. आणि आखातात शेवटच्या रात्री जहाज हललं. नवऱ्याला लागलं! सासूबाईंना नाही. त्या सकाळी सगळ्यांना सांगत होत्या, "मला काही होत नाही हो बोटीचं."

तक्रार एकच. सगळ्यात जवळून आलेले दोन देवमासे डावीकडे आले.

चकवा, २९ जून

😌

खारा वारा, २९ जून

चिमटे नेले होते का?

पायपीट, २९ जून

सहा नेले. दोन पडद्याला लागले, चार मुलाने आजीच्या ब्लँकेटला लावले, वाऱ्याने उडू नये म्हणून. त्यातला एक मार्जरीसमोर पाण्यात गेला.